मायच्या दोन मुठी

आमच्या मानवतच्या घरात माप कधी कुणी सपाट केलं नाही. ज्वारी मोजायची असो, तूर असो, नाहीतर दारात आलेल्या बाईच्या पदरात पीठ घालायचं असो, भरल्या मापावर दाण्यांचा तो टोकदार ढीग, ज्याला आम्ही शीग म्हणतो, तो चढलाच पाहिजे. चार दाणे घरंगळून खाली पडले म्हणजे मग कुठं आबांच्या तोंडावर समाधान दिसायचं. आबा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती. तिथं सगळा कारभार काट्यावर, किलोवर. घरात मात्र लोखंडी शेर आणि पायली. "काटा धंद्याला. घरात शीगच पायजे," असं म्हणायचे. काठाबरोबर हात फिरवून कुणी माप सपाट केलं तर त्यांना ते बघवायचं नाही. "डोकं उडीवलं की रे त्याचं!" म्हणून कळवळायचे. माझी माय तर त्यांच्याही पुढची. शेरभर डाळ कुणाला दिली की वरून एक मूठ टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. बरकतीची मूठ. आणि घरात पाहुणा आला की पिठात एक मूठ, डाळीत एक मूठ, माणसामागं मूठ ठरलेली. कुणाला सांगावं लागत नसे. आपण ती टाकली हे तिचं तिला तरी कळत होतं की नाही कोण जाणे, बोलता बोलता हात डब्यात जायचा.

माय पाथरीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन मोंढ्याजवळच्या या घरात आली तेव्हा तिच्याशी बोलायला घरात कुणी नव्हतं. सासू लग्नाआधीच गेलेली, नवरा दिवसभर आडतीवर, आणि शेजारणी बाजारपेठेतल्या, तोऱ्यातल्या. मी जन्मले, बोलायला लागले, पण लेकराशी माणूस किती बोलणार? माय म्हशीशी बोलायची. खरंच सांगते. धार काढताना घरातला सगळा हालहवाल म्हशीला सांगून मोकळी व्हायची, आणि म्हैसही कान हलवून ऐकून घ्यायची. परक्या माणसापुढं मात्र मायच्या तोंडातून शब्द फुटत नसे. कुणी आलं की ती स्वयंपाकघराच्या दाराआड. पदराचं टोक तेवढं दिसायचं, त्यावरून ओळखायचं की माय ऐकायली.

मग कुसुमआत्या आली. आबांची धाकटी बहीण. तिचा नवरा हैदराबादेत कामाला होता, तिथं त्यानं दुसरी बायको केली आणि हिला लेकरासकट चारठाण्याला हिच्या सासू-सासऱ्यांपाशी आणून सोडलं. चारठाण्याची जुनी देवळं बघायला लोक लांबून येतात. आत्या म्हणायची, "मी बी तितलं एक देऊळच झाले व्हते. येता-जाता समदे बघायचे, आत कुणी यायचं न्हाई." असं म्हणून स्वतःच हसायची. एक दिवस आबा तिकडं गेले आणि तिला आणि तिच्या छबीला घेऊन आले. छबी माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान, सात वर्षांची असेल, शेंबडी आणि महाहट्टी. आल्या दिवशीच तिनं माझी फणी घेतली ती परत दिलीच नाही.

आत्या आली आणि घराचा आवाजच बदलला. त्याआधी आमच्या घरात दुपारी नुसती कबुतरं घुमायची आणि लांबून कापसाच्या जिनिंगचा घर्रघर्र आवाज यायचा, बस्स. आता दोघी नणंद-भावजया सूप घेऊन गहू निवडायला बसल्या की बडबड सुरू. खडा सापडला की आत्या त्याला चारठाण्यातल्या कुणाचं तरी नाव द्यायची. "ह्ये घ्या वैनी, सासूबाई सापडल्या," म्हणून खडा भिरकावायची, आणि माय हसून हसून सूप खाली ठेवायची. मी मायला मोठ्यानं हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आबा बाहेरून खाकरायचे, मग दोघी तोंडात पदर कोंबून हसायच्या. आबांचं जेवण झालं की दोघी एका ताटात जेवायच्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, आणि दोघींच्या मधे ठेचा. भाकरीचा पापुद्रा मायला आवडतो म्हणून आत्या तिच्याकडं सरकवायची आणि माय तो परत आत्याकडं. त्या पापुद्र्यावर शेवटी छबी डल्ला मारायची. म्हशीचं ऐकणं बंद झालं. बिचारीला काय वाटलं असेल.

दिवाळी जवळ आली की त्या वेळी मानवतभर एकच धांदल असायची. घरचा मैदा, घरची साखर, घरचं तूप डब्यात घालून बायका आणि पोरं भट्टीवर जायची आणि तिथून नानकटाई भाजून आणायची. तास न् तास रांग, आपल्या पत्र्यावर कुणी डल्ला मारत नाही ना म्हणून डोळ्यात तेल घालून बसणं, आणि ते डबे घरी नेताना रस्ताभर सुटलेला वेलदोड्याचा वास. आत्यानं पहिल्याच दिवाळीला सांगितलं, रांग-बिंग काही नाही, घरीच भाजू. हैदराबादेत तिच्या शेजारी एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, राहायच्या, त्यांच्या घरची बेकरी होती. नवरा घरी नसायचा तेव्हा आत्या खालाच्या मागं मागं फिरून सगळं शिकली होती. "नवऱ्यानं काय दिलं न्हाई, पण शेजार चांगला दिला," म्हणायची. तिनं मोठं पातेलं घेतलं, तळाला वाळू पसरली, वर तिवई, तिवईवर ताटली, आणि झाकणावर निखारे. त्यातून जी नानकटाई निघाली ती तोंडात ठेवली की चावावी लागत नव्हती. आबांनी एकामागून एक खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडं कौतुक असंच असतं.

मला आणि छबीला शिकायचंच होतं. आत्या म्हणाली, बघितलंय ना, करा. मी वाटी घेतली, मैद्यात खुपसली, घरच्या रीतीनं चांगली शीग चढवली आणि घातली परातीत. साखरही शिगेची, कारण गोड तेवढं जास्त बरं. तुपाला शीग येईना, म्हणून ते जसं होतं तसं. भाजून निघालं ते काय होतं देव जाणे. छबीनं एक दाताखाली धरलं आणि तिचा हलणारा दात पडला. मी उरलेलं दारातल्या कुत्र्याला टाकलं, त्यानं हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. आत्या रागावली नाही. तिनं तिची एक नानकटाई आणि माझी एक, दोन्ही ताटलीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "सामान दोन्हीत तेच हाय. आता सांग, फरक कशात हाय?"

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. सगळ्याला एकच वाटी, वाटी बदलायची नाही. मैदा आधी चाळायचा, मग हलक्या हातानं वाटीत सोडायचा. वाटी ठोकायची नाही, ठोकली की मैदा दबतो आणि मापात चोरून जास्त बसतो. मग सुरीची पाठ काठावरून एकदाच फिरवायची, इकडून तिकडं. तूप थिजलेलंच मोजायचं, पातळ केलेलं नाही. खायच्या सोड्याची चिमूट घ्यायची नाही, कारण छबीची चिमूट वेगळी, माझी वेगळी. औषधाच्या बाटलीसोबत आलेला इवलासा चमचा होता, तो काठोकाठ. चार वाट्या मैदा, दोन साखर, दोन तूप. चार, दोन, दोन हे आम्ही पाढ्यासारखं घोकायचो. मैदा महाग म्हणून आत्या आम्हाला अंगणात कोरड्या मातीवर सराव करायला लावायची, आणि डोळे मिटून वाटीच्या काठावरून बोट फिरवून सांगायला लावायची की माप सपाट आहे का. छबी या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार निघाली. एक कण वर असला तरी तिच्या बोटाला कळायचा, आणि मग ती माझ्याकडं बघून असं तोंड करायची की एक द्यावी ठेवून.

हे सगळं मायला बघवत नव्हतं. सुरी फिरली की ती मान वळवायची. शेवटी एकदा न राहवून म्हणाली, "ताई, लेकरांच्या हातून असं माप मोडून घिऊ नका. घरातली बरकत जाती." आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "वैनी, द्यायचं तवा शीगच द्यावी, माझं काई म्हणणं न्हाई. पर शीग मोजता येत न्हाई. आज उलशी, उद्या मोठी. सपाट हाय तेवडं रोज सारखं ऱ्हातं. लेकराला उद्या आपल्या माघारी करता आलं पायजे की न्हाई?" माय म्हणाली, "तुमचं तुमाला ठाऊक बाई," आणि उठून गेली. पण मी बघितलं, त्यानंतर आम्ही मोजत असलो की ती दारातून बघायची. मान वळवायची नाही.

आज परभणीत माझ्या नातीच्या ओट्यावर बॅटरीवरचा काटा आहे. ती केक करते, त्या काट्याकडं डोळे लावून चमच्याच्या टोकानं मैदा सोडते आणि मधेच ओरडते, "आजी, दोन ग्रॅम जास्त झाला!" दोन ग्रॅम! मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवतो, की वरून एक मूठ टाकावी आणि बघावं ही काय करते ते. मायचं रक्त आहे, कुठं जाईल? पण मी हात पदराखाली घेते. लेकरू मोजत असताना मधे हात घालू नये, हे मी ज्या दिवशी शिकले त्या दिवसाचंच तर सांगायला बसले आहे.

परभणीला बायकांची एक संस्था होती. एकट्या पडलेल्या मुलींना तिथं शिवण-भरतकाम शिकवायचे आणि राहायला ठेवून घ्यायचे. तिथं बेकरीचा वर्ग काढायचा आहे, शिकवायला बाई पाहिजे, राहायला खोली मिळेल, असं आत्याला कुणाकडून तरी कळलं. तिनं डबाभर नानकटाई केली आणि एसटीनं एकटीच परभणीला जाऊन आली. संस्थेच्या मुख्य होत्या त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. बाईंनी नानकटाई खाल्ली आणि म्हणाल्या, "तुम्हाला करता येतं हे कळलं. शिकवता येतं का, ते मला कसं कळणार?" आत्यानं सांगितलं की घरी दोन लहान पोरी शिकवल्या आहेत. "मग मीच येते तुमच्या घरी," बाई म्हणाल्या. "पोरींनी करायचं. तुम्ही हात लावायचा नाही."

हे ऐकून आबांचा चेहरा उतरला. जेवण अर्धं ठेवून म्हणाले, "कुसुम, तुला काय कमी हाय गं हितं? लोक म्हणतील, भावाला एका बहिणीचं झालं न्हाई." आत्यानं त्यांचं ताट पुन्हा पुढं सरकवलं. मग म्हणाली, "काईच कमी न्हाई दादा. तुमी हायेत तवर कमी पडणार बी न्हाई. पर छबीला उद्या कुणी इचारलं, तुजं घर कुटं, तर तिनं मामाचं नाव सांगावं का? तिला मी माझ्या हातानं एक खोली तरी दावते." आबांनी हात धुतला आणि बाहेर जाताना म्हणाले, "ठीक हाय. बाई हो म्हणल्या तर जा. न्हाई म्हणल्या तर मग पुन्यांदा ही गोष्ट या घरात काडायची न्हाई." आबांचा शब्द म्हणजे शब्द. आत्यानं मान हलवली. माय भाकरी थापत राहिली. फक्त रात्रीच्या वरणात मीठ दोनदा पडलं.

बाई यायच्या त्या दिवशी आम्हा दोघींना नहाण घालून, तेल चोपडून, घट्ट वेण्या घालून बसवलं होतं. मी सकाळपासून चार, दोन, दोन पुटपुटत होते. छबीला कसली म्हणून फिकीर नाही, ती आपली वाटी घासत बसली होती. दुपारच्या एसटीनं बाई आल्या. आम्ही एकीची वाट बघत होतो, आल्या तिघी. बाईंबरोबर संस्थेतल्या आणखी दोघी. बाई उंच, जाड काचांचा चष्मा, पांढरं सुती लुगडं आणि हातात पुरुषी घड्याळ. त्या हसत नव्हत्या. चहा नको म्हणाल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, करा सुरू." आत्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

आम्ही मैदा चाळला. चार वाट्या मोजल्या. मी भरायची, छबी सुरी फिरवायची आणि बोटानं तपासायची. बाई चष्मा खाली करून बघत होत्या. मोजलेला मैदा ताटात काढून चुलीशेजारी ठेवला. मग परातीत दोन वाट्या तूप, दोन वाट्या साखर घालून पांढरं होईस्तोवर फेसायला घेतलं. हात भरून यायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, आता निखारे बघून घ्या. पातेलं परसात मांडलं होतं. आम्ही दोघी गेलो, विस्तव कसा धरायचा, वाळू तापली कशी ओळखायची ते बघायला बाईही आमच्या मागं आल्या, त्यांच्या दोघी आणि आत्याही आल्या. छबीनं झाकणावर पाण्याचा थेंब उडवून दाखवला. बाई पहिल्यांदा "बरं" म्हणाल्या. मला जरा धीर आला.

आत येऊन आम्ही फेसलेल्या तुपात मैदा घातला आणि मळायला लागलो. गोळा होईना. मी दाबते, तो फुटतो. छबीनं मूठ वळली, मूठ उघडली की सगळा भुगा. चार दिवसांपूर्वी याच हातांनी लोण्यासारखा गोळा केला होता.  आम्ही जोर लावून मळलं, पुन्हा भुगा. बाई वाकून बघायला लागल्या.

"मैदा किती घातला?"

"चार वाट्या," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की," छबी ठणकावून म्हणाली. "मी बोट लावून बगितलंय."

"मग असं कसं झालं?" बाईंनी चष्मा काढला आणि आत्याकडं वळल्या. "पोरींना पाठ करून घेतलेलं दिसतंय. मोजायला नाही शिकवलं."

आत्याची नजर जमिनीवर गेली. मैद्याच्या डब्याचं झाकण मी घट्ट लावलं होतं, ते आता तिरपं बसलेलं होतं. डब्यापासून चुलीशेजारच्या त्या ताटाच्या जागेपर्यंत मैद्याची बारीक पांढरी ओळ सांडली होती. आत्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं, कारण पाहुण्या एकीच्या तिघी झाल्या होत्या आणि माणसामागं मूठ हे मी जन्मापासून बघत आले होते. मी झटकन दाराकडं बघितलं. पदराचं टोक दिसत होतं. आत्यानं तिकडं बघितलं नाही. ती खालीच बघत म्हणाली, "माझंच चुकलं असंल, बाई. पोरींचं काई न्हाई."

बाईंनी बरोबरच्या बाईला पिशवी उचलायची खूण केली. छबी मुसमुसायला लागली. माझ्या जिभेवर मायचं नाव आलेलं, पण परक्या बायांपुढं मायला कसं उघडं पाडू? आणि नाही बोलले तर आत्याचं गेलंच सगळं, आबांचा शब्द तर झालेलाच. मी दहा वर्षांची पोर, तो भुगाच पुन्हा मळायला लागले. एवढ्यात पदराचं टोक हललं आणि माय बाहेर आली. माझी माय, जी पोस्टमनशीसुद्धा दाराआडून बोलायची, ती तीन परक्या बायांच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्यांवर मैदा होता.

"लेकरांचं चुकलं न्हाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाईंना पुढं वाकावं लागलं. "ताईंचं बी न्हाई. मीच टाकला मैदा. तुमी परसात गेलते तवा. एकीच्या जागी तिगी आल्या, पाहुणे वाडले, म्हणून दोगींच्या दोन मुठी टाकल्या. हात गेला बगा. इचारच न्हाई केला."

 बाई मायकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या गालावर काहीतरी हललं, हसू होतं की काय नक्की सांगता येणार नाही. त्या पुन्हा पाटावर बसल्या आणि माझ्याकडं आणि छबीकडं बघून म्हणाल्या, "दोन मुठी जास्त पडल्या. बरं. आता काय करणार?"

मी आत्याकडं बघितलं. तिचे ओठ मिटलेले, हात पदराखाली. ती काही सांगणार नव्हती. मी म्हणाले, थोडं तूप घालू. "थोडं म्हणजे किती?" बाई म्हणाल्या. मी वाटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. तेव्हा छबी नाक पुसत म्हणाली, "मामीची मूठ मोजावी लागंल."

"मोज," बाई म्हणाल्या.

छबीनं मायच्या हाताला धरून तिला डब्यापाशी नेलं. "मामी, मगा घेतलीती तश्शीच घे. कमी न्हाई, जास्त न्हाई." माय बिचारी घाबरून गेली. आयुष्यभर मुठी टाकल्या, पण आपली मूठ केवढी असते हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनं एक मूठ काढून वाटीत सोडली, मग दुसरी. छबीनं वाटी न ठोकता हलक्या हातानं मैदा सारखा केला आणि काठावरून बोट फिरवलं. तिचे डोळे मोठे झाले. "शके," ती मला म्हणाली, "वाटी भरली गं! सपाट!" दोन मुठींची बरोबर एक वाटी. मग मला सुचलं. चाराला दोन, तर एकाला अर्धी. अर्धी वाटी साखर, अर्धं तूप. साखरेची सपाट वाटी भरून ताटलीत ओतली, तिचा गोल केला आणि सुरीनं मधोमध कापून दोन भाग केले. थिजलेल्या तुपाचंही तसंच केलं. सोडा तेवढा चमच्यात अंदाजानं घ्यावा लागला, तिथं छबी आणि मी भांडलो, आणि बाईंनी आम्हाला भांडू दिलं. सगळं परातीत पडलं आणि चार हात फिरवले तर गोळा आपोआप जमला. मी आत्याकडं बघितलं. ती रडत होती, आणि हात पदराखाली असल्यामुळं डोळे पुसता येत नव्हते.

नानकटाई झाली ती वरून भेगाळलेली, बुडाला जराशी करपलेली. बाईंनी एक खाल्ली, मग दुसरी घेतली. बरोबरच्या दोघींनी घेतली, आम्ही खाल्ली, शेजारी दिली, आबांना ठेवली, तरी उरली. निघताना बाई आत्याला म्हणाल्या, "चुकलं की आमच्याकडच्या मुली रडत बसतात. या दोघी मोजायला बसल्या. तुम्ही पुढच्या महिन्यापासून या. खोली लहान आहे. पोरीची शाळा जवळच आहे." मग दारात थांबून मायला हात जोडले. माय पुन्हा दाराआड गेली होती.

आबांनी शब्द पाळला. आत्या निघाली त्या दिवशी त्यांनी स्वतः तिची पेटी डोक्यावर घेतली, हमाल बघू दिला नाही, आणि गाडीत चढवताना छबीच्या डोक्यावर हात ठेवून, "मामाचं घर बी तुजंच हाय, इसरू नगं," एवढंच म्हणून तडक आडतीवर गेले. आत्यानं पुढं कितीतरी वर्षं परभणीत मुली शिकवल्या. आपल्या पायावर उभ्या राहिलेल्या बायका तिला रस्त्यात थांबवून पाया पडायच्या, हे मी पुढं डोळ्यांनी बघितलं. पण त्या दिवशी एसटी स्टँडावर मला एवढंच दिसत होतं की छबी खिडकीतून माझी फणी हलवून दाखवायली आणि माय गाडी गेली तरी धुरात तशीच उभी आहे. आम्ही दोघी घरी यायला निघालो. मोंढ्यातून येताना माय एकदम म्हणाली, "शके, त्या दिशी मी गप बसले असते तर?"

"तर आत्या हितंच ऱ्हायली असती," मी म्हणाले.

"हां." ती थोडी चालली. "लय मनात आलं व्हतं गं. दाराआड उबी व्हते तवा. म्हणलं, आता जाऊ दे, न्हाई बोलत. ऱ्हाईल माझ्यापाशी. कोण हाय मला दुसरं?"

"मग कामून बोललीस?"

माय थांबली. भर रस्त्यात, पदरानं तोंड न झाकता रडत होती. "तिला कळलं व्हतं, हे माझं काम हाय म्हणून. तरी तिनं माझ्याकडं बगितलं न्हाई," ती म्हणाली. "एकदा जरी बगितलं असतं ना, तर मी गप बसले असते."